भिंतीसमोरची खुर्ची

शहराच्या ला पाझ भागातल्या बाजारात भर दुपारी बाचोयच्या, म्हणजे शेवयांच्या सूपच्या, दुकानात रिकामी खुर्ची मिळणं कठीणच. त्यात पावसाची जोराची सर आली आणि बाजारातली निम्मी माणसं आडोशाला आत शिरली. सोलेदादच्या एका हातात वाफाळता वाडगा होता, दुसऱ्या हातानं तिनं सह्यांच्या कागदांची फाइल छातीशी धरली होती. कोपऱ्यातल्या टेबलावर एक तरुण एकटाच जेवत होता.

"इथं कुणी बसलंय?"

"आता तुम्ही बसाल," तो म्हणाला, आणि त्यानं आपला वाडगा स्वतःकडे ओढून घेतला.

ती बसली. फाइल मध्ये ठेवली, शेवया फुंकून खायला लागली. थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं, की समोरच्याचं जेवण थांबलंय. तो मान जराशी तिरकी करून फाइलवरचा कागद वाचत होता.

"उलटं वाचता येतं तुम्हाला?"

"सुलटं वाचायचा पगार मिळतो. उलटं हौसेनं वाचतो." त्याच्या डोळ्यांत हसू होतं, चेहरा मात्र गंभीर. "कामाच्या ठिकाणी होणाऱ्या मानसिक छळाला शहरानं कायदा करून आळा घालावा… बापरे. मोठं काम काढलंत."

"सही करता?"

"नाही करू शकत."

"सगळे हेच म्हणतात. नोकरीची भीती."

"माझी तर संध्याकाळपर्यंत जाईल." त्यानं खिशात खोचलेलं ओळखपत्र बाहेर काढून तिच्याकडे वळवलं. रेनांते गालोर, विधी सहायक. त्यावर मालक संघटनेचा शिक्का होता.

सोलेदादनं फाइल उचलून मांडीवर घेतली. सूप सांडेल म्हणून उचलावी, तशी नव्हे.

"म्हणजे तुम्ही पलीकडचे."

"पलीकडचा कारकून. तुमच्या प्रत्येक सुनावणीला मागं बसून टिपणं काढणार आहे मी." तो जरासा घुटमळला… "कलम चार बघा तेवढं. छळ म्हणजे काय, ते तुम्ही लिहिलेलंच नाही. आमचे वकील तुम्हाला तिथंच पकडतील."

"हे मला कशाला सांगताय?"

"मसुदा वाईट लिहिलाय. वाईट लिहिलेलं मला बघवत नाही."

"मीच लिहिलाय."

"हं…" त्यानं चमचा खाली ठेवला. "अक्षर छान आहे."

तिला हसायचं नव्हतं. म्हणून ती उठली, वाडगा अर्धा तसाच ठेवला आणि मुद्दाम म्हणाली, "आभारी आहे हं, मानोंग."

"लगेच दादा करून टाकलंत? मी तुमच्याहून फार तर दोन वर्षांनी मोठा असेन."

"म्हणूनच मानोंग," ती म्हणाली, आणि भर पावसात बाहेर पडली. शेअर जीपनीत बसल्यावर तिनं फाइल उघडली. कलम चार खरंच नुसतं दोन ओळींचं होतं.

सोलेदाद सत्तावीस वर्षांची. एका विमा कंपनीच्या दावे तपासायच्या कचेरीत ती चार वर्षं होती. तिथल्या नव्या पर्यवेक्षिकेच्या एका आकडेवारीत तिनं सगळ्यांसमोर चूक दाखवली, आणि दुसऱ्या दिवशी तिचं टेबल हललं. भिंतीकडे तोंड करून. फोन काढून घेतला, संगणकही काढून घेतला. कुणी तिच्याशी बोलायचं नाही, असं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण कुणी बोललंही नाही. कुणी शिवी दिली नाही, हात लावला नाही. एकेचाळीस दिवस तिनं पिवळट रंगाची भिंत बघितली. तक्रार करायला ती कामगार न्यायालयात गेली, तेव्हा तिथल्या माणसानं मुलींना म्हणतात तसं 'इंदाय' म्हणत प्रामाणिकपणे विचारलं होतं, "पण त्यांनी तुम्हाला केलं काय, इंदाय? पगार तर दिला ना?"

त्याच न्यायालयातून निवृत्त झालेल्या मनांग फेलिसा, सगळ्यांच्या ताई, बाजूला उभ्या राहून हे ऐकत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी सोलेदादला घरी बोलावलं, समोर कॉफी ठेवली आणि म्हणाल्या, "केलं काय, ते लिहून ठेवलेला कायदाच नाही आपल्याकडं. चल, आपण करून घेऊ." त्याला आता दीड वर्ष झालं होतं. सोलेदाद सकाळी एका शाळेच्या ग्रंथालयात काम करायची, आणि दुपारपासून हे.

पहिल्या सुनावणीला पालिकेच्या तिसऱ्या मजल्यावर संघटनेचे वकील उठले आणि थेट कलम चारवर आले. सोलेदादनं नवा मसुदा पुढे केला. माणसाला काम न देणं, वाळीत टाकणं, चारचौघांत वारंवार हिणवणं, सगळं नेमकं लिहिलेलं होतं. वकील चाचपडले. संघटनेचे सचिव सर बाल्तासार पहिल्या रांगेत बसले होते. कडक इस्त्रीचा बारोंग सदरा, चेहऱ्यावर कायमचं मंद हसू. ते हळूच मागं वळले, आणि मागच्या रांगेतल्या रेनांतेकडे त्यांनी क्षणभर बघितलं. त्यानं वहीतून डोकं वर काढलं नाही.

सुनावणी संपल्यावर तो जिन्यात उभा होता.

"कलम चार सुधारलंय."

"तुमच्यामुळं नाही," ती म्हणाली.

"छे, छे. माझा काय संबंध."

"आणि अक्षराचं म्हणाल तर या वेळी टाइप केलाय."

"ते तेवढं वाईट झालं."

त्या दिवशी जिन्याच्या तीन मजल्यांना त्यांना पाऊण तास लागला.

दुसऱ्या सुनावणीत सोलेदादनं स्वतःची साक्ष दिली. बोलताना ती कुणाकडे बघत नव्हती, पण एकदा नजर मागच्या रांगेवर गेलीच. रेनांतेनं पेनाला टोपण लावलं होतं. वही मिटलेली होती, आणि तो नुसता ऐकत होता, हात गुडघ्यांवर ठेवून, चर्चमध्ये बसावं तसा. तिला पुढचं वाक्य आठवेना. कसंबसं आठवलं.

समितीचे अध्यक्ष नगरसेवक ओर्तालेस म्हातारे होते, दुष्ट नव्हते. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मुली, तुझं वाईट वाटतं मला. पण तुम्ही सतरा जबाब आणलेत, सगळे बिननावी आणि सगळे बायकांचे. बायकांच्या मनाला जरा जास्त लागतं, असं उद्या कुणी म्हटलं तर मी काय सांगू? एक पुरुष आणा. नावासकट."

ती सतरा नावं फक्त दोघींना ठाऊक होती, मनांग फेलिसांना आणि तिला. त्या सगळ्या अजून त्याच त्याच कचेऱ्यांत रोज कामाला जात होत्या. एक जरी नाव बाहेर फुटलं असतं, तरी भिंतीकडे आणखी एक टेबल वळलं असतं.

रविवारी दुपारी नदीकाठच्या फरसबंदीवर रेनांते तिला भेटला. म्हणजे योगायोगानं. पुढच्या रविवारीही योगायोगानंच. तिसऱ्या रविवारी दोघंही वेळेच्या आधी आले, तेव्हा योगायोगाचं नाव काढायची सोय उरली नाही. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, तेही कळलं नाही. खारफुटीच्या बाजूनं वारा यायचा, तिचे केस उडून त्याच्या बाहीला लागायचे आणि तो बोलता बोलता वाक्य विसरायचा.

"माझ्यासमोर त्या बायकांबद्दल काही बोलू नकोस," एकदा तो अचानक म्हणाला.

"मी कुठं बोलले?"

"नाही बोललीस. तरी सांगतोय. नाव नको, कचेरी नको, अगदी कुठल्या भागात राहतात तेही नको. मला माहीतच नसू दे."

"कुणी नावं विचारली तुला?"

तो पाण्यातून जाणाऱ्या एका होडीकडे बघत राहिला. तिनं त्याचा हात धरला नाही. पण दोघांच्या हातांत कठड्यावर जेमतेम बोटभर अंतर होतं, आणि परत जाईपर्यंत ते अंतर दोघांनीही नीट सांभाळलं.

मनांग फेलिसांना कुणीतरी सांगितलंच. "मुलगा चांगला असेल," त्या म्हणाल्या. "पण त्याचा पगार कोण देतं, ते विसरू नकोस. सतरा बायका तुझ्या भरवशावर झोपतात."

पुढच्या रविवारी तो आला नाही. निरोपही आला नाही. तिनं फोन केला, तो वाजत राहिला. त्याच्या पुढच्या रविवारी ती पाऊण तास कठड्याशी उभी राहिली आणि मग स्वतःचाच राग येऊन घरी गेली. कलम चार, मिटलेली वही, "मला माहीतच नसू दे"… हे सगळं एका चांगल्या कारकुनानं केलेलं कामही असू शकतं, असं तिच्या मनात आलं. त्या दिवशी तिनं सतराही बायकांना एकेक करून गाठलं. सगळ्या सुखरूप होत्या. मग तर तिला काहीच उमगेना. फसवायचंच नव्हतं, तर गेला कुठं?

शेवटची सुनावणी गुरुवारी होती. नियमाप्रमाणे सुधारित मसुद्याची प्रत विरोधी बाजूला हातोहात द्यायची असते. सोमवारी ती घेऊन सोलेदाद स्वतःच संघटनेच्या कचेरीत गेली. कुणी विचारलं असतं तर तिनं कामाला आले असंच सांगितलं असतं.

लांब दालन होतं. वीसेक माणसं असतील, कीबोर्डचा आवाज, कुठंतरी हशा. स्वागतिकेनं प्रतीवर शिक्का मारला. सोलेदाद वळणार, तेवढ्यात तिला दिसलं. दालनाच्या पार टोकाला, पाण्याच्या यंत्रापलीकडे, एक टेबल भिंतीला चिकटवलेलं होतं. त्यावर काहीही नव्हतं. समोर खुर्चीत एक पाठ होती. पांढरा शर्ट. हात गुडघ्यांवर.

पाण्याला येणारी माणसं त्या पाठीला वळसा घालून जात होती, आणि वळसा घालताना ओळीनं सगळे आपापल्या पेल्यात बघत होते. हे पेल्यात बघणं तिला ओळखीचं होतं.

"ते… रेनांते गालोर ना?"

स्वागतिका शिक्का पुसण्यात गढून गेली. "मॅम, तुमचं काम झालंय," ती हलक्या आवाजात म्हणाली. "प्लीज."

सोलेदाद दालनाच्या मधून चालत गेली. कीबोर्ड एकेक करून थांबत गेले. तिनं वाटेतली एक रिकामी खुर्ची ओढली, त्याच्या शेजारी भिंतीकडे तोंड करून लावली आणि बसली.

तो वळला नाही. पण त्याचा श्वास बदललेला तिला ऐकू आला.

"किती दिवस झाले?"

"बारा." आवाज घोगरा होता, वापरात नसल्यासारखा. "तू इथं यायला नको होतंस."

"फोन का नाही उचललास?"

"काय सांगणार होतो? तुझं ऐकलं होतं ना मी त्या दिवशी… तेव्हा मनात म्हणालो होतो, ही उठून का नाही गेली? एकेचाळीस दिवस कशाला बसली? मी तर एका दिवसात राजीनामा फेकला असता." तो हसला, पण ते हसू अर्ध्यातच राहिलं. "आणि आता मी रोज सकाळी येतो आणि बसतो. तोंड दाखवायची लाज वाटली."

"कशावरून झालं?"

"नावं हवी होती त्यांना. मी म्हणालो, मला माहीत नाहीत. मग म्हणाले, तिच्याशी हिंडतोस ना, तिच्याकडून काढ. नाही म्हणालो."

एवढंच. सोलेदादनं समोर बघितलं. ही भिंत पांढरी होती, तिची पिवळी होती. बाकी सगळं तेच.

तिच्या जिभेवर एक प्रश्न आलाच होता. एक पुरुष आणा, नावासकट. तो तिच्या शेजारी बसला होता. तिनं नुसतं म्हणायचं होतं आणि तो आला असता, हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणूनच तिला ते म्हणता येईना. जे त्यांनी त्याला करायला सांगितलं होतं, तेच तिनं केल्यासारखं झालं असतं.

"गुरुवारी सुनावणी आहे," तो म्हणाला.

"आहे."

"मला विचारायला आलीस?"

"नाही. तुला काहीही विचारणार नाही मी."

"मग कशाला आलीस?"

"बसायला," सोलेदाद म्हणाली.

सुरक्षारक्षक येऊन अदबीनं "मॅम, चला" म्हणेपर्यंत ती बसून राहिली. नदीकाठी कठड्यावर ठेवला होता, तेवढ्याच अंतरावर या वेळी तिनं हात टेबलावर ठेवला, आणि ते अंतर त्यानं ओलांडलं. त्याचा तळवा थंडगार होता.

बुधवारी मनांग फेलिसा चिडल्या. "एक शब्द टाकला असतास तर काम झालं असतं. दीड वर्ष घातलं आपण यात, सोली."

"माझ्यासाठी नको यायला त्याला."

"मग कायदा गेला तरी चालेल?"

रात्रभर तोच प्रश्न तिच्या उशाशी होता.

गुरुवारी दालन खचाखच भरलं होतं. सर बाल्तासार वीस मिनिटं गोड आवाजात बोलले. आमच्या कचेऱ्या म्हणजे कुटुंबं आहेत, कुटुंबात रुसवेफुगवे चालायचेच, त्यासाठी पोलीस कशाला. मान डोलावणारी माणसं सोलेदाद मोजत नव्हती, तरी दिसत होती. ओर्तालेसांनी घड्याळाकडे बघितलं.

"दुसऱ्या बाजूचा आणखी कुणी साक्षीदार?"

सोलेदाद उठली. "नाही, सर," असं म्हणायला तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात मागचं दार वाजलं.

रेनांते मधल्या वाटेनं पुढे आला. शर्ट इस्त्रीचा होता, केस विंचरलेले, पण चालणं आजारातून उठलेल्या माणसाचं होतं. त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. ध्वनिक्षेपकासमोर उभा राहून त्यानं नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, आणि चौदा दिवस सांगितले. साध्या शब्दांत. दोनदा त्याचा आवाज बसला, दोनदा तो थांबून पाणी प्यायला.

"तुम्ही तर कायदा शिकलेले," ओर्तालेस म्हणाले. "मग नोकरी सोडून का नाही गेलात?"

"पहिल्या दिवशी वाटलं, सर, काहीतरी चूक झाली असेल, दुपारपर्यंत टेबल परत लावतील. दुसऱ्या दिवशी वाटलं, आपण उठलो म्हणजे ते जिंकले. पाचव्या दिवसानंतर काही वाटेनासंच झालं. सकाळी बूट घालायचे, जायचं, बसायचं. आठव्या दिवशी मी एकटाच मोठ्यानं बोललो. आवाज आहे का अजून, ते बघायला. माझे सहकारी वाईट नाहीत. शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी मी हातात घेतलं होतं. आम्ही कोम्पाद्रे आहोत, भाऊच म्हणा. चौदा दिवस त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. त्यालाही नोकरी आहे. म्हणून कायदा हवा, सर. म्हणजे त्याला माझ्याकडं बघता येईल."

मग सर बाल्तासार उठले, तेच मंद हसू घेऊन.

"अध्यक्ष महाराज, एक छोटी गोष्ट नोंदीत यावी. या साक्षीदाराचं आणि मोहिमेच्या या बाईंचं नातं काय आहे, ते विचारावं. रविवारी नदीकाठी बऱ्याच जणांनी यांना बघितलंय."

सोलेदादचे कान तापले. मागं कुजबूज झाली. ओर्तालेसांनी नाखुशीनं मान वर केली. "सांगायचं नसेल तर…"

"सांगतो, सर." रेनांते अजूनही समोरच बघत होता, पण त्याची मान लाल झाली होती. "माझ्या बाजूनं आहे. प्रेम आहे. त्यांच्या बाजूचं मला माहीत नाही, कारण मी विचारलेलं नाही. तेव्हा विचारलं असतं, तर नावं काढायला विचारलं असं झालं असतं. आता विचारलं, तर साक्षीचं बक्षीस मागितलं असं होईल. त्यामुळं… राहिलंय."

लघुलेखिकेची बोटं क्षणभर थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

सोलेदाद उभी होती. बसायचं तिला सुचलंच नव्हतं. "सर, नोंदीत एक दुरुस्ती आहे."

"कोणती?"

"साक्षीदार म्हणाले, त्यांच्या बाजूनं आहे. ते दोन्ही बाजूंनी आहे. तसं लिहा."

आता त्यानं वळून बघितलं.

"हे सुनावणीच्या विषयात बसतं का?" एका सदस्यानं विचारलं.

"विषय समोरच्यांनीच काढलाय, सर," मनांग फेलिसा बसल्या जागेवरून म्हणाल्या, आणि दालनात हशा पिकला. ओर्तालेसांनी तो थांबू दिला. मग मसुद्याची पानं सावकाश उलटली, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"मिस्टर बाल्तासार, मी सगळं वाचलं. प्रेमात पडलेल्या माणसाला भिंतीकडं तोंड करून बसवलं तर चालतं, असं कलम मला कुठं सापडत नाही. ठेवायची का तशी सवलत?"

बाल्तासार खाली बसले.

मसुदा तीन विरुद्ध दोन मतांनी पुढे गेला. शिक्षेचं कलम निम्मं कापलं गेलं, आणि त्यावर मनांग फेलिसा जिन्यात उभ्या राहून कुणाशी तरी भांडत होत्या. पण छळाला आता नाव मिळालं होतं, आणि तक्रार घेऊन जायला दार. तिसरं मत ओर्तालेसांचं होतं.

रेनांतेचं पुढं काय होणार, ते दोघांनाही कळत होतं. त्या कचेरीत तो आता परत जाणार नव्हता. रस्त्यावर आल्यावर त्यानं ओळखपत्र खिशातून काढलं, काय करावं ते न सुचून तसंच हातात धरलं, आणि मग दोघं समोर आलेल्या जीपनीत चढले. कुठं जायचं, ते ठरलेलं नव्हतं.

गाडी सुरू झाली आणि रेनांते बोलायला लागला. आधी सुनावणीबद्दल, मग बाल्तासारच्या बुटांबद्दल, मग आपल्या आईबद्दल, मग लहानपणी गिमारास बेटाकडे जाताना होडी उलटली होती त्याबद्दल. एकातून दुसरं निघत होतं, वाक्यं एकमेकांवर चढत होती. चौदा दिवसांचं सगळं एकदम बाहेर येत होतं. समोरची भाजीवाली टोपली सांभाळत कान देऊन ऐकत होती.

मध्येच तो थांबला. "फार बोलतोय का मी?"

"नाही," सोलेदाद म्हणाली. "मग होडीचं काय झालं?"

तो पुन्हा सुरू झाला. तिचा थांबा आला, चालकानं मागं वळून बघितलं. ती उतरली नाही.